जेठाभाईंकडचं आमचं खातं

ठाणे, २८ सप्टेंबर १९५५

चित्रे,

आशीर्वाद शेवटी लिहीन, आधी बातमी ऐक. जेठाभाईंनी आपलं खातं बंद केलं!

हसू नकोस. घरात सुतक पडल्यासारखं झालंय. काल दुपारी गुणाजी पोस्टमन दारात उभा राहिला. हातात कार्ड, आणि चेहरा असा की मला वाटलं कोणी गेलंच. म्हणतो कसा, "वहिनी, मनाला लावून घेऊ नका. दिवस सगळ्यांचेच फिरतात." मेल्याने वाचून काढलं होतं की सगळं! जेठाभाईंच्या मुनीमाने लिहिलं होतं की गेल्या दिवाळीपासून आपल्या खात्यावर काहीच खरेदी झाली नाही, सबब दुकानाच्या नियमाप्रमाणे खातं बंद करण्यात येत आहे, लक्ष्मीपूजनाच्या नव्या वहीत नाव पुढे ओढलं जाणार नाही, खातेदाराचं कार्ड परत करावं.

असली गोष्ट कोणी उघड्या कार्डावर लिहितं का गं? पाकिटाला जास्त पडतात म्हणून वाचवले असतील. आमची अब्रू मात्र आळीभर वाटली गेली. 'खरेदी झाली नाही' हे कोणी वाचलं नाही, 'खातं बंद' तेवढं सगळ्यांनी वाचलं. दिवेलागणीपर्यंत बातमी पक्की झाली होती की त्र्यंबकराव नाझरांची उधारी थकली आणि जेठाभाईंनी त्यांना पायरी उतरायला लावलं. तुझे नाना! पगाराच्या दिवशी कोर्टातून निघाले की घरी यायच्या आधी जांभळी नाक्यावर जाऊन हिशेब चुकता करणारा माणूस!

कोर्टातून आले ते लालबुंद होऊन. "उधार घेतलं नाही हा काय गुन्हा झाला? वर्षभर मी त्यांच्या खात्याला हात लावला नाही!" त्यांना बिचाऱ्यांना वाटत होतं, खातं म्हणजे ट्रंकेतला ठेवणीतला शालू. वापरला नाही तर जास्त चांगला राहतो. कचेरीत सगळ्यांना ऐकवायचे, आमच्या घरात वर्षभरात एक वार कापड उधार आलेलं नाही. आणि आमची मंडळी किती काटकसरी आहेत म्हणून माझं कौतुक.

कसली काटकसर, कप्पाळ! तू सहदेवचा हात धरून रजिस्टर लग्न केलंस आणि जबलपूरला गेलीस, त्या दिवसापासून मी जेठाभाईंच्या दुकानाची पायरी चढलेली नाही. गेल्या दिवाळीला ह्यांनी स्वतःसाठी एक पंचा नेला, तीच खात्यावरची शेवटची खरेदी. कोणासाठी चढू? तुझी पातळं, तुझी ब्लाउजची कापडं, सगळी खरेदी तुझीच तर असायची. नानांनी देवासमोर उभं राहून शपथ घेतली ना, 'तिच्या नावाचं सूतसुद्धा या घरातून जाणार नाही'? मी पण घेतली. त्यांनी मोठ्याने घेतली, मी मनात. तुझी ओटी भरेपर्यंत माझ्या अंगाला नवा धागा लागणार नाही. दोन वर्षं जुनी लुगडी दंड घालून नेसते आहे आणि ह्यांच्या धोतरांना ठिगळं लावते आहे, आणि हे म्हणतात काटकसर.

आता तुझं पत्र. पाचवा महिना लागला, वाचून मी देवापुढे साखर ठेवली. पण पुढे काय लिहितेस, "नानांनी स्वतः बोलावलं तरच येईन. तुझ्या चोरट्या बोलावण्यावर मी उंबरा चढणार नाही." वा गं वा! खाण तशी माती. एक तिकडे फुरंगटून बसली आहे, एक इकडे, आणि मधे मी.

तर मीही तुला सांगून ठेवते. पहिलं बाळंतपण माहेरीच होईल, याच घरात, माझ्या हाताने. तुझे नाना तुला बोलावतील. कसं ते मला अजून माहीत नाही. दूध वेळेवर पीत जा. आता आशीर्वाद.

तुझी आई


ठाणे, ९ ऑक्टोबर १९५५

चित्रे,

काल जेठाभाईंकडे जाऊन आले. भांडायलाच गेले होते. पण त्यांनी बसायला पाट दिला, पाणी मागवलं, मग कसली भांडते?

म्हणाले, "मंदाकिनीबेन, माझी रीत एकच. नवी वही आली की जुन्यातून नावं उतरवायची. जो वर्षभर आला नाही तो कुठे गेला, मला काय ठाऊक? दुसरं दुकान धरलं असेल, गाव सोडलं असेल. रिकाम्या पानावर त्याचं नाव लिहून ठेवू, तर उद्या माझा मुलगा विचारेल, बापूजी, हा माणूस कोण?"

मी म्हटलं, आम्ही कुठे गेलो? इथेच तर आहोत, हाकेच्या अंतरावर.

"तेच तर वाईट वाटलं," ते म्हणाले. "इथे राहून नाही आलात."

मी पाटावरून न उठता विचारलं, आता उपाय काय? खातं परत चालू करायचं तर लक्ष्मीपूजनाच्या आत काहीतरी खरेदी व्हायला हवी. आणि खातेदाराने स्वतः यायला हवं, कारण नव्या कार्डावर सही लागते. मी म्हटलं, येतील. मग माडीवर जाऊन त्यांच्या झवेरबेनपाशी घटकाभर बसले. चहा घेतला. इकडच्या तिकडच्या गप्पा, दुसरं काही नाही.

घरी येऊन नानांना सांगितलं. ते खूश. "एवढंच ना? चल रविवारी. तुझ्यासाठी एक छानसं लुगडं घे, मी सही करतो."

"मला नको."

"मग काय हवं ते घे."

"मला काहीच नको. मी नवं नेसत नाही."

तेव्हा कुठे त्या माणसाने माझ्या पदराकडे नीट पाहिलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. मग मी शपथेचं सांगून टाकलं. किती दिवस पोटात ठेवायचं? ते म्हणाले, "मला न विचारता शपथ घेतलीस?" मी म्हटलं, "तुम्ही मला विचारून घेतली होती?"

मग मी जे तोंडाला आलं ते बोलले. म्हटलं, जेठाभाई परका माणूस, कापड विकणारा. त्यानेसुद्धा वर्षभर वाट बघितली, आणि खातं बंद करताना कार्ड टाकून कळवलं तरी. तुम्ही पोटच्या पोरीचं खातं एका दिवसात बंद केलंत. तिला कळवलंतही नाही. ती आपली पहिले सहा महिने पत्रं लिहीत बसली होती.

नाना पानावरून उठले नाहीत हे विशेष. पण ताक वाढायचं राहिलं होतं ते त्यांनी मागितलं नाही, आणि मीही वाढलं नाही. कोरडाच भात जेवले.

मला वाईट वाटलं. तरी बोलले ते बरंच झालं. तू जपून राहा. पायाला सूज आहे लिहितेस, तर मीठ कमी कर.

आई


ठाणे, २१ ऑक्टोबर १९५५

चित्रे,

तुझ्या सासूबाई तुला बाळंतपणाला कोलशेतला नेणार, हे मला तुझ्या पत्रातल्या शेवटच्या ओळीत कळावं? 'त्यांनी विचारलं आहे, मी अजून हो म्हटलेलं नाही.' अजून!

पत्र वाचलं, तशीच उठले, टांगा केला आणि कोलशेत गाठलं. पुढे मिठागराच्या बांधावरून चालत. चपला हातात घेतल्या होत्या. हौसाबाई अंगणात जाळीखाली बोंबील सुकत घालत होत्या. मला त्यांनी कधी पाहिलेलं नाही, मी त्यांना नाही. तरी बघताच म्हणाल्या, "सुनेचं तोंड तुमच्यावरच गेलंय. या विहीनबाय."

मी ओट्यावर बसले आणि सरळ विषयाला हात घातला. म्हटलं, पहिलं बाळंतपण माहेरचं असतं.

"आमच्यात बी म्हायेरचंच अस्तंय," त्या म्हणाल्या. "मंग न्या ना. मी कवा नको म्हनलं? पन तुमचा मानूस बोलवीतच नसंल तं पोरीनं परमुलखात एकटीनं पडावं काय? माजं घर बारकं हाय. पन दार उगडं हाय."

मला ते झोंबलं. आपलं घर मोठं आहे, हेच खरं.

त्यांचा थोरला, काळुराम, भाऊबीज झाली की जबलपूरला तुला आणायला निघणार आहे. मी म्हटलं, तेवढी दिवाळी थांबा. त्या म्हणाल्या, "थांबते. पन पोट थांबत नाय, बाय."

निघताना त्यांनी मला वाटेसाठी तांदळाच्या भाकऱ्या बांधून दिल्या. ही बाई मला आवडली, आणि तेच मला आवडलं नाही. तिच्या घरी तुझं काही कमी होणार नाही, हे मला दिसलं. पण माझं कमी होईल ना गं! तुझ्या पहिल्या बाळाचं पहिलं न्हाणं मी घालायचं नाही, तर मी आई कशाला झाले?

नानांना सांगितलं, मी कोलशेतला गेले होते. ते म्हणाले, "टांगा मिळाला का सहज?" एवढंच. तरी विचारलं हे काय कमी.

दिवाळीला आता तीनच आठवडे आहेत. मी हार मानणारी नाही. तू काळुरामला हो म्हणू नकोस, नाहीही म्हणू नकोस.

आई


ठाणे, ८ नोव्हेंबर १९५५

चित्रे,

अगं बाई, काय सांगू तुला! बस आणि मग वाच.

रविवारी नाना एकटेच जेठाभाईंकडे गेले. कोणाला न सांगता. बेत असा की स्वतःसाठी कोटाचं कापड घ्यायचं, सही करायची, नवं कार्ड खिशात घालून घरी यायचं. आळीची तोंडंही बंद, आणि माझी शपथही बाजूला. हुशारी बघ!

दुकानात दिवाळीची गर्दी. वागळे वकील सहकुटुंब आलेले, कोर्टातले दोघे कारकून, आळीतल्या बायका. नाना पायरी चढले तशी कुजबुज थांबली. सगळे बघायला लागले, उधारी थकलेले नाझर आता काय करतात. आणि जेठाभाई गादीवरून उठून उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "या या त्र्यंबकराव! मी वाटच बघत होतो. चित्राबेनच्या ओटीसाठी ना? झवेर बोलली मला, सातवा लागतो. हिरवं मी काढूनच ठेवलं आहे."

आणि त्यांनी ते हिरवंगार इरकली नऊवारी सगळ्यांसमोर फरशीवर उलगडलं.

वागळे म्हणाले, "अहो, आजोबा होताय आणि बोलला नाहीत?" त्यांच्या बायकोने विचारलं, "बाळंतपण इकडेच ना?"

आता सांग, नानांनी काय करावं? 'हे तिच्यासाठी नाही, मला कोट शिवायचा आहे' म्हणावं? पहिलटकरीण लेक, सातवा लागायला आलेला, आणि बाप दिवाळीच्या खरेदीत स्वतःला कोट घेतो? आधीच खातं बंद झाल्याची बोंब. लोक म्हणाले असते, नाझरांची लेकीची ओटी भरायचीही ऐपत राहिली नाही. नाना म्हणाले, "हो. चित्रासाठीच." आणि मग, "इकडेच. पहिलं बाळंतपण माहेरीच असतं." हे झवेरबेनने माडीच्या जिन्यातून स्वतः ऐकलं, आणि नाना घरी पोचायच्या आत मला निरोप आला.

तू विचारशील, झवेरबेनला कोणी सांगितलं? मीच. त्या दिवशीच्या इकडच्या तिकडच्या गप्पांत. सातवा कधी लागतो तेही सांगितलं, आणि हे लाजाळू आहेत, स्वतःहून हिरवं मागणार नाहीत, तेवढं काढून ठेवायला सांगा, तेही. तुला तेव्हा लिहिलं नाही, कारण तू नको म्हणाली असतीस. तुमचं बापलेकीचं नको म्हणणं मी दोन वर्षं ऐकलं, पुरे झालं.

नाना घरी आले, पुडकं झोपाळ्यावर ठेवलं, कोट न काढताच शेजारी बसले. मी तांदूळ निवडत होते.

"जेठाभाईच्या बायकोला कोणी सांगितलं?"

"कोणास ठाऊक. आळीत काय लपून राहतं?"

"मी चार माणसांत हो म्हणून आलोय."

"मग?"

"मग काय मग? शब्द आहे माझा!"

"कुठला? देवापुढचा की जेठाभाईंपुढचा?"

उठून तलावपाळीवर फिरायला गेले ते पाऊण तास आले नाहीत. आल्यावर म्हणाले, "लुगडं पाठवून दे तिला. पार्सल कर. बोलावणं मात्र माझ्याच्याने व्हायचं नाही."

मी म्हटलं, "अहो, ओटी टपालाने भरत नाहीत."

तर आता असं आहे. लुगडं आलं, पण बोलावणं आलेलं नाही. नाक दाबलं आहे, तोंड उघडायचं राहिलं आहे. काळुरामला निघायला आठ दिवस आहेत. तू हिय्या सोडू नकोस. मी सोडलेला नाही.

आई


ठाणे, १६ नोव्हेंबर १९५५

चित्रे,

हे पत्र मी उभ्याउभ्या लिहिते आहे म्हटलंस तरी चालेल. टपाल निघायच्या आत जायला हवं.

लक्ष्मीपूजनाला जेठाभाईंकडून पानसुपारीचं बोलावणं आलं होतं. नाना गेले. गुणाजी तिथे भेटला, तर त्याला म्हणे ऐकवलं, "कार्डं वाटायची असतात, वाचायची नसतात." मनात साठलेलं होतं ते. परतताना पेढे आणले, आणि मला वाटलं, आता बोलतील. नाही बोलले. सुंभ जळला तरी पीळ जाईल तर शपथ! बाजूच्या खोलीत ते हिरवं लुगडं तसंच पुडक्यात.

काल पाडवा. सकाळी नानांना न्हाऊ घातलं, पाटावर बसवलं, ओवाळायला उभी राहिले. दर वर्षी ओवाळणीत लुगडं ठरलेलं. गेली दोन वर्षं मी लुगडं नको म्हणून रुपया घेतला. काल मी ताटात निरांजन, सुपारी, अक्षता ठेवल्या, आणि शेजारी दौत, टाक आणि एक कोरा कागद ठेवला.

ते ताटाकडे बघत राहिले. "हे काय?"

"ओवाळणी."

"मंदे, मला जमायचं नाही."

"बरं," म्हटलं, आणि ओवाळत राहिले.

ओवाळणी पडल्याशिवाय ताट खाली ठेवायचं नसतं, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही. ते पाटावर, मी समोर. शेजारच्या घरात फटाके वाजले. भात लागल्याचा वास यायला लागला. तो त्यांना आला, ते म्हणाले, "भात करपतोय." म्हटलं, करपू दे. म्हणाले, "हात दुखेल तुझा." म्हटलं, दुखू दे. चित्रे, खरंच दुखत होता गं. खांद्यापासून भरून आला होता. आणि मला रडू येत होतं, पण रडले असते तर ते म्हणाले असते, बाई रडली म्हणून केलं. मला तसं नको होतं. त्यांनी आपण होऊन लिहायला हवं होतं.

निरांजनातलं तूप संपत आलं तेव्हा ते हळूच म्हणाले, "तिने धाडलेली ती पहिल्या सहा महिन्यांतली पत्रं... मी वाचली होती. तू दुपारी झोपलीस की."

मी ताट पुढे केलं.

त्यांनी टाक उचलला. पण लिहिलं नाही, खिशात ठेवला. म्हणाले, "वेगळं पत्र नको. तू लिहिशील त्याच्याखाली जागा सोड. मी उद्या सकाळी कचेरीत जायच्या आधी लिहीन." मग मी ताट खाली ठेवलं. भात पार करपला होता, तोच दोघांनी खाल्ला.

आज सकाळपासून ते ओटीवर पाठ करून कच्चा मसुदा करत बसले आहेत, मला बघू देत नाहीत. मी हे स्वयंपाकघरात लिहिते आहे. आता हा कागद त्यांच्याकडे नेऊन देते. काय लिहितील, मला माहीत नाही. बोलावणार असतील तर काळुरामबरोबर ये. नसतील बोलावणार, तर मी कोलशेतला येऊन राहीन, हौसाबाईंना विचारून ठेवलं आहे. तुझं बाळंतपण मी करणार ते करणारच.

आई

*

चि. सौ. चित्रा हीस नानांचे आशीर्वाद.

मला लांबण लावता येत नाही. पहिल्या बाळंतपणास इकडे यावे. हे मी स्वतः लिहीत आहे, आईने सांगितले म्हणून नव्हे.

मेल ठाण्यास थांबत नाही, तरी कल्याणास उतरावे. पूल चढू नये, सामानास हात लावू नये. मी फलाटावर असेन. कोलशेतच्या बाईंकडे मी आजच संध्याकाळी जातो. त्यांनी तुला आणण्याची तयारी केली होती, तेव्हा त्यांची परवानगी मागणे माझे काम आहे.

जेठाभाईंच्या दुकानाचा नियम तुला आईने कळवलाच असेल. वर्षभर खरेदी झाली नाही तर खाते बंद होते. ते पुन्हा होऊ देणे मला बरे वाटत नाही. तरी सहदेवरावांच्या कोटाचे माप उलट टपाली पाठवावे. कापडाचा रंग ते स्वतः येऊन पसंत करतील तर अधिक चांगले.